मुक्काम कितीक दिवस?

शेंद्र्याच्या फाट्यावर गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि आबांनी विचारलं, "मुक्काम कितीक दिवस?" मेंढरं घेऊन निघणाऱ्या भावकीला ते असंच विचारायचे. मी जर्मनीला निघाले होते. "दोन वर्षं," मी म्हणाले. आई दुसरीकडं तोंड करून उभी होती.

ती दोन वर्षं कधीच सरली. इथल्या लॅबमध्ये मी वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या बनवते. दोन टाक्या, त्यांत व्हॅनेडियमचं द्रावण, ते फिरवायला पंप. बॅटरी चार्ज होताना एका टाकीतलं निळं द्रावण पिवळं होतं. फोनवर मी सोपं करून 'पाण्याची बॅटरी' म्हणून बसले आणि फसले. आईनं औरंगपुऱ्यात साडीच्या दुकानात सांगितलं, "आमची पोरगी परदेशात बॅटऱ्यात पाणी भरती." दुकानदारानं म्हणे इन्व्हर्टरसाठी माझा नंबर मागितला.

आबांना मी एवढंच सांगितलं, की दुपारच्या उन्हाची वीज रात्रीसाठी राखून ठेवायची. ते म्हणाले, "म्हंजी विजंला मुक्कामाला ठेवायचं. ऱ्हाती व्हय ती?" मी हसले, पण त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

इथं लाईट जात नाही. गावाकडं लाईट आली की हातातलं टाकून मोटार चालू करायला पळायचो. ती धावपळ अंगातून गेलेली नाही. सुट्टीच्या दिवशीही सायकल काढून लॅबमधले पंप नीट चाललेत का ते बघून येते. गावी आले की चार दिवसांत इकडची ओढ लागते, इकडं आले की गावाची. माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, तुमचंही बूड टेकत नाही ना?

आता शेंद्र्यातल्याच एका कारखान्यात आमच्या बॅटरीची चाचणी आहे. कोण जाईल विचारल्यावर मी आधी हात वर केला. बॉसबाई म्हणाल्या, वाटलं तर तिकडंच राहा. मी आनंदात घरी फोन लावला. आबा म्हणाले, "ये की. मुक्काम कितीक दिवस?"

मला रडूच आलं. जिथं हे कुणी विचारत नाही ते घर, असं मी धरून चालले होते. तिकीट एकाच बाजूचं काढलंय, परतीचं नाही. आबांना ते अजून सांगितलेलं नाही. आधी माझा मला भरवसा येऊ दे.