सोमवारची मुलगी

रत्नागिरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत मी शिपाई आहे. इथले प्रमुख, म्हणजे आमचे सर, खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवर, कालवांवर संशोधन करतात. काम शिकू द्या म्हणत कॉलेजची पोरं येतात आणि एकदा नकार मिळाला की पुन्हा फिरकत नाहीत. राजिवड्याची ही मुलगी मात्र दर सोमवारी हजर. बीएस्सीचं दुसरं वर्ष, घरी बापाची होडी. आत बोलावलं तरी दारातच थांबायची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची आणि एवढंच विचारायची, "सर, जागा झाली?"

सर "नाही" म्हणायचे. ही "बरं" म्हणून जायची. चेहरा पाडणं तिला ठाऊकच नव्हतं.

एकदा सर विरघळले. "शनिवारी खडकावर कालवं काढायला जातोय. येतेस?"

मला वाटलं, आता ही नाचेल. तर म्हणते, "शनिवारी नको, सर. अष्टमी आहे, पाणी थोडंच ओसरेल. खडक उघडा पडायचा नाय. अमावास्येला मोठी ओहोटी, तेव्हा चला."

चार महिने हेलपाटे घालून मिळालेल्या संधीला 'नको' म्हणायला छाती लागते!

सर हसले. शनिवारी आम्ही दोघं गेलो, कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभे राहिलो आणि रिकाम्या बादल्या घेऊन परतलो.

सोमवारी ती आली. नेहमीसारखी दारातच थांबली. "सर, जागा झाली?"

सरांनी कागदातून मान वर केली नाही. "अमावास्या कधी आहे गं?"

"ह्याच शनिवारी, सर."

मी कपाटामागून तिसरी, कोरी बादली काढली आणि तिच्यावर ठसठशीत अक्षरात तिचं नाव लिहिलं.