रंगाखालचा तडा
थिनरचा वास आला की अजून डोकं तापतं. वडिलांची जुनी बुलेट दुरुस्त करताना मी तिच्या पुढच्या शॉकअपचे वाकलेले पाइप केज गावातल्या एका मिस्त्रीकडे सरळ करायला दिले होते. नवऱ्यासोबत परत घ्यायला गेले तर रंग चकचकीत. शंका आली म्हणून थिनरच्या बोळ्याने तो पुसला, तर खाली एका पाइपला तडा आणि वर नुसतं वेल्डिंग! मी जाब विचारला, तर तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "बाईमाणसाला काय कळतंय, साहेब? लई मजबूत हाय." नवरा हसला. "मग घरच्यांना मागं बसवा आन् मांजरसुंब्याचा घाट उतरून दाखवा," मी मिस्त्रीला म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या गाडीला तो पाइप बसू नये म्हणून मी त्याच्याच करवतीने तिथेच कापला. आता गाडी नव्या पाइपांवर धावते. चालवते मी, मागे बसणाऱ्या नवऱ्याने त्या हसण्याची माफी मात्र अजून मागितलेली नाही.