उजेडाचं भोक

"पाडा ती भिंत. आत्ताच्या आत्ता पाडा."

चुन्याच्या ढिगावर उभे राहून अण्णा ओरडत होते. माझे वडील ओरडले की पार वेळापुरातले बैल कान टवकारत, असं आम्ही भावंडं शपथेवर सांगत असू. इरप्पा गवंड्यानं मात्र तळहातावरची तंबाखू मळणं थांबवलं नाही. "मालक, परवा तुमीच हितं बांधाय लावली की."

"परवा बापूकाका आले नव्हते."

सोलापुरातल्या आमच्या नव्या घराचं हेच जुनाट दुखणं होतं. बापूकाका म्हणजे अण्णांचे थोरले चुलतभाऊ. ते करमाळ्याहून येत, जागेच्या मधोमध उभे राहून वाऱ्याचा वास घेत आणि स्वयंपाकघर चुकल्याचं जाहीर करीत. कधी शेजारच्या विहिरीमुळे, कधी कडुनिंबाच्या सावलीमुळे. आमचं स्वयंपाकघर चारी दिशा इतकं हिंडलं की त्याला वाटखर्ची बांधून द्यावी, असं इरप्पा म्हणे. भिंती चढत, उतरत, पुन्हा चढत… चुना मळायच्या घाणीचा बैल आमच्याकडे गोऱ्हा म्हणून आला आणि म्हातारा होऊन गेला.

तरी त्या उन्हाळ्याचा गंध अजून नाकात आहे — भिजल्या पांढऱ्या मातीचा, ताज्या चुन्याच्या उष्ण वाफेचा, माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, घालायला आणलेल्या कडुनिंबाच्या कडवट पाल्याचा.

या सगळ्या गोंधळात आईचं मागणं एकच होतं. सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या घरात ती बिनखिडकीच्या कोपऱ्यात रांधी. धुरानं डोळे असे सुजत की भाकरी भाजली की नाही हे ती वासावरून ओळखे. "बाकी घर तुमचं," ती अण्णांना म्हणाली होती, "चुलीवर माळवदात तेवढं साणं ठेवा. धूर वर जाईल, उजेड खाली येईल."

इरप्पानं साणं ठेवलं. तुळया चढल्या, फळ्या अंथरल्या, पाला पसरला, पांढरी माती चोपून चोपून दगडासारखी केली… आणि बापूकाका आले. त्यांनी वास घेतला. स्वयंपाकघर आत गेलं, त्या जागी अण्णांची बैठक आली. साणं मात्र जिथल्या तिथं राहिलं.

"आत दुसरं पाडून दे," आई इरप्पाला म्हणाली.

"वैनी, चोपलेलं माळवद फोडलं की जन्मभर गळतंय."

"राहू दे गं," अण्णा खुशीत म्हणाले. "बैठकीत वाचायला बरा उजेड पडतो."

आईनं पदर खोचला. तिनं असा पदर खोचला की आम्ही लांब बसत असू.

वास्तुशांतीच्या सकाळी नव्या घरात दूध उतू घालवायचं होतं. बापूकाकांनी आदल्या दिवशीच चारचौघांत बजावलं होतं, "दूध जिथं उतू जाईल तिथून चूल हलवायची नाही. लक्ष्मी उठून जाते." मग ते आणि अण्णा पाहुण्यांना सामोरे जायला दारात उभे राहिले. सगळ्यांना घेऊन आत आले, तर बैठकीत, साण्याच्या बरोबर खाली, अण्णांची गादी गुंडाळून भिंतीला टेकवलेली. तीन विटांची चूल पेटलेली. आणि पातेल्यातून दूध शांतपणे विटांवर उतरत होतं. धूर सरळ आभाळात चालला होता. आईचा चेहरा लख्ख दिसत होता. चुलीपाशी तो असा मी प्रथमच पाहिला.

अण्णांनी बापूकाकांकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं, वाऱ्याचा वास घेतला, आणि मिटलं.

आता तिथं स्लॅबचं घर आहे. आई नाही, अण्णाही नाहीत. पण फरशीवर उन्हाचा चौकोन पडलेला दिसला की मला विटेवर करपलेल्या दुधाचा वास येतो…

वास्तुशांतीच्या त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर अण्णा चुलीपाशी येऊन कुरकुरले. "आणि माझ्याकडे चार माणसं आली, तर मी त्यांना बसवायचं कुठं?"

आईनं भाकरी उलटली.

"आत खोली आहे की. अंधारी आहे, पण दिशा चांगली आहे."