बाच्या डोक्याचं माप

पालमजवळ गोदावरीच्या, आमच्याकडच्या गंगेच्या, काठी आमची मासेमार भोयांची वस्ती होती. तिथून हैदराबादला शिकायला गेलेला मी पहिलाच. निजामाच्या राज्यात वरचं सगळं शिक्षण उर्दूत. तेही मी पचवलं. प्रबंधासाठी मी नदीवरच्या मासेमारांची रोजीरोटी हा विषय मागितला.

प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही स्वतः भोई. आपल्याच माणसांवर लिहिलं तर ते शास्त्र होत नाही."

विषय त्यांनी माझ्या वर्गातल्या एका जहागीरदाराच्या मुलाला दिला. त्याला मराठी येत नव्हती, म्हणून मला त्याचा दुभाषी करून माझ्याच गावी पाठवलं.

त्यानं डोकी मोजायचा लोखंडी चिमटा आणला होता. माझा बा नुकताच नदीवरून आलेला. ओल्या धोतरानंच त्याला ओट्यावर बसवलं. चिमटा कानाला लागला तसा तो दचकला.

"काय मोजायलाय रं ह्यो?"

"डोकं."

"आन् मासे कवा इचारणार?"

त्या वर्षी कचेरीनं आमचा डोह ठेक्यानं दुसऱ्याला दिला होता. आमच्यापैकी कुणी जाळं टाकलं की ठेकेदाराची माणसं ते फाडायची. बा म्हणाला, "साहेबाला सांग, डोह गेला आमचा. वस्ती उपाशी हाय. एवढं लिव्हा म्हणावं."

मी उर्दूत सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. "हे आपल्या विषयात येत नाही. नाकाचं माप राहिलंय."

"न्हाई लिव्हणार म्हणतोय," मी बाला म्हणालो.

बा उठला. "मग नाकबी न्हाई मिळणार त्याला." जाळं खांद्यावर टाकून तो घरात गेला.

प्रबंध मंजूर झाला. त्यात भोई आळशी आणि उद्धट असल्याचं लिहिलं होतं. लिहिणारा आमच्याच विभागात प्रोफेसर झाला. मी मेंढपाळांवर प्रबंध लिहिला, कारण ते 'माझे' नव्हते, आणि त्याच्या हाताखाली नोकरीला लागलो. दरसाल त्याचं ते पुस्तक मीच वर्गात शिकवायचो. मासेमारांवर मी लेख लिहिला, तर त्यानं वाचून परत दिला. म्हणाला, "यात राग फार आहे."

निजामाचं राज्य गेलं. डोह ठेकेदाराकडेच राहिला. बा तोवर पिंगळी स्टेशनाकडं रुळांसाठी खडी फोडायला जायला लागला होता. सुट्टीत मी घरी गेलो की तो माझ्या इस्त्रीच्या शेरवानीकडं बघायचा.

"आजून त्येच पुस्तक शिकवायलायस का?"

मी हो म्हणायचो. मग आम्ही दोघं भाकरी खायचो.