पेटीवरची झीज

जळगावात एका गल्लीत पेटी दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. नशिराबादच्या आमच्या गायन पार्टीची पेटी घेऊन मी एकदाच त्यांच्याकडे गेलो. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी आधी भात्याला हातही लावला नाही. डोळे मिटून सगळ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग म्हणाले, "भाऊ, ठरावीक पट्ट्यांवरच खळगे पडलेत, बाकीच्या कोऱ्या. कायम काळी एकमध्येच वाजवता?"

"माझा आवाज तिथंच बसतो," मी जरा ऐटीतच म्हणालो.

"अन् घरात बाईमाणूस गात नाही?"

नवीन लग्न झालं तेव्हा बायको गायची. मी माझ्याच सुरात पेटी धरायचो आणि वर जाताना तिचा गळा चिरकायचा. "तुला सुराचा कान नाही," असं मी तिला चारचौघांत म्हणालो. त्याला तेवीस वर्षं झाली. तेव्हापासून ती नुसती टाळ वाजवते.

चाचांनी काळी पाच दाबून धरली. "बऱ्याच बायांचा आवाज इथं आसपास मोकळा होतो. तुम्ही आपला सदरा तिच्या अंगात घातला, अन् म्हणता बाईच बेढब."

घरी आल्यावर मी काही न बोलता काळी पाचमध्ये तिचं जुनं गाणं वाजवायला घेतलं. आत भाकरी थापणारे तिचे हात थांबले.

"पेटी नीट झाली नाही वाटतं," ती म्हणाली. "हा सूर तुमचा नाही."