उसनी मुलगी

घणसोली गावात खोल्या एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंका येतात. आमची अंगणवाडी त्यातल्याच एका भाड्याच्या खोलीत भरते. मी तिथली सेविका. खिडकीतून शेजारचे टॉवर दिसतात. तिथल्या मुलांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यावी लागते. आमच्या मुलांचे डॉक्टर सरकारी गाडीतून येतात, आणि गाडीला निधी असेल तेव्हा येतात. वर्षातून दोनदा यायचं असं ठरलेलं आहे. त्या वर्षी पहिली फेरी झालीच नाही. गाडीचं कंत्राट संपलंय, असं मला कळवण्यात आलं. मुलांना तसं कळवता आलं नाही, ती आजारी पडत राहिली.

शेवटी गाडी आली. एक डॉक्टर, एक नर्स आणि बाहेर गल्लीच्या टोकापर्यंत रांग. डोळे, दात, कान, छाती, पोट, सगळं फुकट तपासतात, आणि काही निघालं तर मोठ्या दवाखान्यातल्या ऑपरेशनचा खर्चही सरकार करतं. योजना चांगली आहे, हे मी मनापासून सांगते. आयांना मात्र ती परीक्षा वाटते. मुलांना आंघोळ, पावडर, लग्नातला फ्रॉक. डॉक्टर मुलाला तपासतात आणि मार्क आईला देतात अशी त्यांची समजूत आहे. ती अगदीच चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही.

आमच्या गल्लीत दोन मुली शेजारी शेजारी राहतात, दोघी चार वर्षांच्या. एक काटकुळी. तिचे वडील मार्केटात माथाडी, मूळचे साताऱ्याकडचे. दुसरी गुटगुटीत. तिचं घर रायगडातल्या कोकणी मुसलमानांचं, वडील दुसऱ्याच्या दुकानात कापड मोजतात. दोन्ही घरांत कुकरच्या शिट्टीपासून सिलिंडरपर्यंत सगळं उसनं जातं-येतं आणि कोणती वस्तू मूळ कुणाची हे आता दोघींच्या आयांनाही आठवत नाही.

आदल्या वर्षीच्या फेरीला डॉक्टर काटकुळीच्या आईला म्हणाले होते की मुलीचं वजन कमी आहे. म्हणाले ते सासूसमोर. सासूने ती बातमी फोनवरून साताऱ्यापर्यंत पोचवली: सून पोरीला खायला घालत नाही. पोरगी खात होती, मी डोळ्यांनी पाहिलंय. खाऊनही काही मुलं बारीकच राहतात. पण सासू काही अंगणवाडीत येऊन बसत नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळी गुटगुटीत मुलीचा नंबर लागला. डॉक्टरांच्या गळ्यातली नळी पाहूनच तिने भोकाड पसरलं. त्यांनी छातीला नळी लावली, थोडं ऐकलं, ठीक आहे म्हणाले. दारात पुढची आई मूल कडेवर घेऊन तयारच होती.

दुपारी मी उरलेली मुलं गोळा करायला गल्लीत गेले. परत आले तर नर्सने मला आत बोलावलं. टेबलावर गुटगुटीत मुलगी बसली होती, काटकुळीच्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. पाठीमागची बटणं लागली नव्हती. तोंडात बिस्किट होतं, त्यामुळे आवाज नव्हता. शेजारी काटकुळीची आई उभी होती. डॉक्टर बराच वेळ नळी लावून ऐकत राहिले. मग मला म्हणाले की हिच्या हृदयात जास्तीचा आवाज येतोय, मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल. त्यांनी मुलीला नाव विचारलं. तिने काटकुळीचं नाव सांगितलं, आडनावासकट, न अडखळता. मी शिकवलेलं एकही बडबडगीत तिला पूर्ण येत नाही.

मी त्या आईकडे पाहिलं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. चिठ्ठी तिच्या मुलीच्या नावाने निघाली असती, मोठ्या दवाखान्यात तिची स्वतःची मुलगी तपासली गेली असती, काहीच निघालं नसतं आणि सगळे पेढे वाटून मोकळे झाले असते. आणि शेजारची आपली खेळत राहिली असती, जोवर खेळता येईल तोवर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच बोलली.

"डॉक्टर, ही माजी न्हाय."

"मग कुणाची?"

"शेजारची. उसनी आणलीया."

डॉक्टरांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत उसनं मूल पहिलंच असावं. मग ते चिडले. सरकारी कामात फसवणूक, वर कळवतो वगैरे बरंच बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, पण आधी हिच्या आईला बोलवा, एवढंच म्हणाली. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटत होती आणि तिच्या पायाही पडावंसं वाटत होतं. दोन्ही राहून गेलं.

मुलीची आई पिठाच्या हातांनी धावत आली. मुलगी तिनेच दिली होती, त्यामुळे समजवायला फार लागलं नाही. पण तिला पटेना.

"सकाळी तुमीच बोललात ना, ठीक हाय म्हणून?"

डॉक्टर वर न बघता म्हणाले, "सकाळी ती रडत होती. मला फक्त रडणंच ऐकू आलं."

पुढे तपासण्या झाल्या, हृदयाला भोक निघालं, ऑपरेशन झालं. पैसे सरकारने दिले. सरकारला मी एरवी भरपूर नावं ठेवते, तेवढे दिवस ठेवली नाहीत. काटकुळीची आई प्रत्येक खेपेला दवाखान्यात सोबत गेली. आपल्या मुलीचा खरा नंबर तिने नंतर लावला. वजन कमीच भरलं. बाकी काही नव्हतं.

गुटगुटीत मुलगी आता फ्रॉकचा गळा खाली ओढून सगळ्यांना छातीवरचा व्रण दाखवते. काटकुळीला ते सहन होत नाही. ते भोक डॉक्टरांना आधी माझ्या नावावर सापडलं होतं, मीच हिला दिलं, असं ती सांगते. आयांनी तिला दुरुस्त करणं सोडून दिलंय.

पुढच्या फेरीला गाडी आली, अर्थातच उशिरा. एका पोराने टेबलावर बसताच गळा काढला. डॉक्टरांनी नळी लावली, काढली, पुन्हा लावली. मग नर्सला विचारलं, एका मुलाला दोनदा तपासता येतं का. ती म्हणाली, एका मुलाची एकच नोंद मंजूर आहे, निधी तसाच येतो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हा शांत झाला की परत आणा. उसना म्हणून."

मी पोराला बाहेर नेलं, हातात बिस्किट दिलं आणि त्याला कडेवर घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले.