प्रकाशाच्या पहारेकऱ्याचा गुडघा

गेममधला पहारेकरी तुमच्या अंगावर चालून येतो, तेव्हा ते पाय कुणाचे असतात, हे तुम्ही कधी विचारलं आहे का?

एका गेमपुरतं मी सांगू शकते. ते पाय माझ्या धाकट्या भावाचे आहेत.

सांगलीत विश्रामबागेत, एका क्लासच्या वरच्या मजल्यावर, मी नोकरी करते. गेम बनवणारी छोटी कंपनी आहे, वीस-बावीस माणसांची. पूर्ण गेम आम्ही बनवत नाही. परदेशातली मोठी कंपनी तुकडे करून काम वाटते, त्यातला एक तुकडा आमच्याकडे येतो. गेल्या वर्षी आमच्या वाट्याला पहारेकरी आले.

त्या गेममध्ये जग संपलेलं आहे. पाणी आटलं, शहरं ओस पडली, थोडी माणसं उरली. एका कोरड्या धरणाच्या पोटात पाण्याचा शेवटचा साठा आहे आणि त्याच्यावर प्रकाशाच्या शिपायांचा पहारा आहे. होलोग्राम. ज्यांनी त्यांना उभं केलं ते कधीच मेले, पण पहारा उठवायला कुणी उरलं नाही, म्हणून ते उभेच आहेत. गोळी घातली तर आरपार जाते. त्यांना घालवायचं असेल तर भिंतीत कुठंतरी दडवलेला प्रोजेक्टर शोधून फोडावा लागतो. तोवर ते येरझारा घालत राहतात.

माझं काम त्यांच्या तोंडची वाक्यं मराठीत आणि हिंदीत लिहिण्याचं. थांबा. ओळख सांगा. पुढे येऊ नका.

उजाड जमिनीचे फोटो हवेत, असं मालक म्हणाले तेव्हा मी माझ्या मोबाइलमधले दाखवले. मी माण तालुक्यातली. आमच्या घरामागचा माळ त्यांना इतका आवडला, की जगाच्या शेवटासाठी त्यात फारसं काही बदलावं लागलं नाही. आमची शेळी तेवढी पुसली. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शेळी कशापायी काढली? जग संपलं तरी शेळी न्हाई संपत. बाभळ हाय तवर शेळी हाय."

आता माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची चूक किती मोठी होती ते कळणार नाही. माझे वडील मुंबईत भाजीच्या बाजारात पाठीवर पोती वाहतात. जत्रेला गावी येताना त्यांच्या पिशवीत युनियनची पत्रकं असायची. आमच्या वह्या-पुस्तकांना त्याच पत्रकांची कव्हरं. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरच, आणि मला सगळ्यात आधी वाचता आलेला मोठा शब्द होता 'मागण्या'. सातवीत असताना शाळेच्या गळक्या टाकीबद्दल मी स्वतः पत्रक लिहिलं आणि हातानं वीस प्रती काढून गावात वाटल्या. वडिलांच्या प्रत्येक पत्रकात तळाला जाड अक्षरांत एक ओळ असायची: वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. ती ओळ मी कॉलेजात भाषणात वापरली, मैत्रिणींना ऐकवली, आईच्या बचत गटात जाऊन ऐकवली.

माझ्या भावाला पत्रकांत कधी रस नव्हता. त्याला फौजेत जायचं होतं. आमच्याकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. पहाटे रस्त्याच्या कडेनं पोरं धावताना दिसतात, ती त्याच कामाला लागलेली असतात. गावातले एक निवृत्त हवालदार त्यांच्याकडून धावण्याचा, बीमचा, कवायतीचा सराव करून घेतात. सगळे त्यांना आबा म्हणतात. माझा भाऊ चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. पहिल्या भरतीत त्याची छाती पुरेशी फुगली नाही. दुसरीत सोळाशे मीटरला थोडक्यात मागे पडला. तिसरी भरती साताऱ्याला होणार होती आणि ती शेवटची, कारण त्यानंतर त्याचं वय निघून जाणार होतं. त्या वेळी आबांच्या घड्याळावर तो वेळेच्या आत येत होता, रोज. आबा कौतुक करणारे नाहीत, पण एकदा आईला म्हणाले होते, "वैनी, ह्येची फौजेत न्यायची पेटी भरायला घ्या."

भरतीला तीन आठवडे उरले होते तेव्हा मी त्याला सांगलीला बोलावलं.

झालं असं, की आमच्या पहारेकऱ्यांना चालता येत नव्हतं. हालचाल घ्यायची पद्धत अशी असते: माणसाला काळा घट्ट पोशाख घालतात, सांध्यांवर चकाकणारे लहान गोळे चिकटवतात, आणि खोलीभर लावलेले कॅमेरे फक्त त्या गोळ्यांची हालचाल टिपतात. चेहरा नको असतो, आवाज नको असतो, फक्त शरीर. मालकांनी सांगलीतले दोन नाटकवाले आणले होते. दोघंही गुणी, पण पहारा करायला लावलं की सिंहासनाकडे निघाल्यासारखे चालायचे. परदेशातून निरोप आला, हे सैनिक वाटत नाहीत.

मी म्हणाले, "माझा भाऊ आहे. त्याचं 'पीछे मुड' बघा एकदा."

अभिमानानं म्हणाले. हे लपवत नाही.

तो दहिवडीहून एसटीनं आला, पिशवीत इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट घेऊन. काळा पोशाख बघून म्हणाला, "आक्के, ह्यात तर मी बेडूक दिसतोय." ऑफिसातली पोरं हसली. मालकांनी चार पानांचा इंग्रजी कागद पुढे केला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"काय लिवलंय?"

"काही नाही रे, नेहमीचं असतं. कर सही. माझंच ऑफिस आहे."

त्यानं केली. मी स्वतः तो कागद वाचलेला नव्हता.

काम सुरू झालं. सावधान, तेज चल, थम, पीछे मुड. तो वळला, डावा पाय वर घेतला आणि फरशीवर टाच अशी आपटली, की खालच्या क्लासमधून कुणीतरी वर बघायला आलं. सगळे खूश. पण संगणकावर बसलेला मुलगा म्हणाला, "घोट्याचा गोळा उडाला. परत."

परत केलं. परत गोळा उडाला. दणक्यानं चिकटपट्टी सुटायची, गोळा घरंगळत टेबलाखाली जायचा आणि केलेलं सगळं वाया. मालक म्हणाले, "जरा हळू आपट की. आवाज आम्ही नंतर घालतो." त्यानं मान हलवली, वळला आणि तितकीच आपटली.

मी जवळ जाऊन म्हणाले, "हळू कर ना. काय बिघडतंय?"

"हळू केलं तर ते पीछे मुड न्हाई, आक्के. ते नुसतं वळणं झालं. आबांनी बघितलं तर कान उपटतील."

"आबा कुठं बघणारेत? गेम आहे."

"मी हाय की बघायला."

चार वर्षांत त्याला कुणी अर्धी टाच आपटायला शिकवलंच नव्हतं. ते त्याच्या अंगात नव्हतं. आणि आमच्याकडे दुसरी चिकटपट्टी नव्हती, फरशीवर टाकायला सतरंजीसुद्धा नव्हती. मग दुपारभर तेच चाललं. पीछे मुड, टाच, गोळा उडाला, परत. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण डाव्या बाजूनं हवं होतं. किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मध्येच तो डावा गुडघा दोन्ही हातांनी दाबून उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाला, "काय न्हाई. गरम झालाय." संध्याकाळी जिना उतरताना एकेक पायरी आडव्या पायानं उतरला.

त्या दोन दिवसांत मी एकदाही 'बास' म्हणाले नाही. वडिलांच्या बाजारात कुणाला विश्रांतीशिवाय सलग पोती उचलायला लावली असती, तर मी पत्रक काढलं असतं. इथं माझाच भाऊ होता, माझंच ऑफिस होतं, काम वेळेत द्यायचं होतं, आणि सगळे म्हणत होते, काय चाल आहे तुझ्या भावाची. 

गावी गेल्यावर आईनं आंबेहळदीचा लेप लावला. आबांनी गुडघा दाबून बघितला, कुठं पडलास विचारलं. भावानं मोटारसायकलवरून घसरलो म्हणून सांगितलं. आबांनी आठ दिवस धावू नको म्हणून बजावलं. हा पाचव्या दिवशी धावला.

साताऱ्याला मी त्याच्याबरोबर गेले. मैदानाच्या फाटकाबाहेर आई-बापांची गर्दी होती; कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात देवाचा अंगारा. उजाडता उजाडता त्याची तुकडी आत गेली. आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, फक्त शिट्टी ऐकू येते. शिट्टी झाली. मी मनात चार फेऱ्या धरल्या. थोड्या वेळानं बाहेर येणारी पोरं दिसू लागली. लवकर बाहेर आला तो गेला, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. मी फाटकाकडे बघायचं टाळत होते.

तो माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा छातीवरचा नंबर काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"तिसऱ्या फेरीला गुडघा म्हणला, बास." मग बुटाची नाडी सोडत बसला. बराच वेळ एकच नाडी. "चाय घिऊ," म्हणाला. चहा घेतला. परतीच्या गाडीत औंधच्या डोंगरावरचं यमाईचं देऊळ दिसतं तिथं तो नेहमी हात जोडतो. त्या दिवशी खिडकीतून सरळ बघत राहिला. मी काहीतरी बोलायला लागले तर म्हणाला, "तुझी काय चूक न्हाई गं." त्यापेक्षा त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो घरी बसून आहे. बसून म्हणजे खरंच बसून. मांडी घालता येत नाही, पाय लांब करून भिंतीला टेकून. पहाटे पोरं दारावरून धावत जातात तेव्हा जागा असतो, पण पांघरूण काढत नाही. आईनं मला फोनवर सांगितलं, "जेवतोय, बोलतोय. पण माझ्याकडं बघत न्हाई."

मध्ये एकदा मी त्याला ऑफिसात आणलं. गेम तयार झाला होता. पडद्यावर निळसर प्रकाशाचा शिपाई आला, वळला, टाच आपटली. चेहरा भलत्याचाच, पण चाल त्याची. आईनं लांबून ओळखली असती. आमचा एक मुलगा तपासणी करत होता. त्यानं बंदूक रोखून आठ-दहा गोळ्या घातल्या. शिपायाला काही झालं नाही. तो चालत राहिला.

भाऊ पुढे वाकून बघत होता. म्हणाला, "ह्येचा गुडघा चांगला हाय."

मुलगा हसला. त्याला माहीत नव्हतं.

मी मालकांकडे गेले. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासणीचा खर्च तरी कंपनीनं करावा, म्हणून भांडले. त्यांनी तो चार पानांचा कागद काढला. तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, की इजेची जबाबदारी काम करणाऱ्याची. "सही आहे त्यांची," ते म्हणाले, "आणि तुम्ही स्वतः शेजारी उभ्या होता." हेही खरं होतं.

आता गेमचा दुसरा भाग येतो आहे. त्यात पहारेकऱ्यांची अख्खी पलटण हवी आहे. मालकांनी या वेळी मला विचारलं नाही, थेट भावाला फोन केला. तो हो म्हणाला. मी गावी जाऊन त्याच्याशी वाद घातला.

"गुडघ्याला पट्टा बांधतो की. दिसत न्हाई पोशाखातनं."

"तुला चालता येत नाही धड."

"तितं तरी कोण वय इचारत न्हाई, आक्के."

 मग तो म्हणाला, की मालकांनी अजून चार पोरं आणायला सांगितली आहेत, आणि आबांच्या मैदानावरची चौघं तयार आहेत. चौघांचीही भरती पुढ्यात आहे. दोघांची शेवटची. मी काही बोलायच्या आत त्यानं माझा हात धरला. "त्यांना माझ्या गुडघ्याचं सांगू नको. गाडीवरनं पडलो असंच म्हाईत हाय गावात. तेवढं तरी ऱ्हाऊ दे."

त्याच्या हातातून मी हात सोडवून घेतला. हे लिहिते आहे ते त्याचं न ऐकता, आणि तो बहुधा माझ्याशी बोलणार नाही. त्या चौघांना मी जाऊन सांगितलं. दोघं थांबले. दोघं म्हणाले, आम्ही बघून घेऊ.

पण अशी कंपनी आता सांगलीत एकच नाही, आणि धावणारी पोरं तर प्रत्येक गावाच्या रस्त्यावर आहेत. मी सगळीकडे पोचू शकत नाही. म्हणून तुम्हाला विनंती आहे. तुमच्या गावाच्या कडेला भरतीचा सराव चालत असेल, तर उद्या सकाळी तिथं जा. पोरांना पाच मिनिटं थांबवा आणि सांगा: गेमच्या कामाला कुणी बोलावलं तर भरती होईपर्यंत जाऊ नका. नंतर गेलात तर पायाखाली जाड गादी मागा, मध्ये विश्रांती मागा, इजा झाली तर उपचार कोण करणार ते मराठीत लिहून मागा. ते नाही म्हणाले तर बूट काढू नका, तसेच परत या. पोरं हसतील, तरी सांगा. एकानं ऐकलं तरी तुमची सकाळ वाया गेली नाही.